पोऱ्या, ओ दे

माझ्या थोरल्या भावाला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर तो म्हणतो, "जोडारी आहे." समोरच्याला वाटतं, कारखान्यात असेल, नटबोल्ट आवळत असेल. दादा ते वाटणं तसंच राहू देतो. आमचे बाबा खरेच जोडारी होते, त्यामुळे शब्द घरातलाच आहे, आणि एका वाक्यात बोलणं संपतं हा वरचा फायदा. खरं सांगायला जावं तर अर्धा तास जातो आणि शेवटी समोरचा विचारतो, "म्हणजे प्रिंटर दुरुस्त करता का?"

तर ते अर्ध्या तासाचं काम मी थोडक्यात सांगते. ज्यांचा आवाज गेलाय अशा माणसांसाठी दादाचं ऑफिस एक प्रोग्राम तयार करतं. स्क्रीनवर बटणं असतात, बटणावर शब्द लिहिलेला असतो, बटण दाबलं की मशीन तो शब्द बोलतं. ऑपरेशनच्या आधी माणसाने स्वतः शब्द बोलून ठेवले असतील तर त्याच्याच आवाजात बोलतं. नसतील, किंवा मशीनला सापडले नाहीत, तर मग मशीन आपल्या पदरच्या आवाजात बोलतं. प्रोग्राम लिहिणारी मंडळी वेगळी. ती हुशार, चटपटीत आणि कायम दुसरी नोकरी शोधणारी. त्यांनी लिहिलेले तुकडे जोडायचे, त्या त्या घरचे शब्द त्यात घालायचे आणि पाच जातींच्या मशीनवर चालेल असं गाठोडं बांधून द्यायचं, हे दादाचं काम. त्या बांधणीला ते लोक बिल्ड म्हणतात. पाच जाती, पाच तऱ्हा. एकाला तिरकी रेघ उजवीकडे झुकलेली लागते, एकाला डावीकडे. एकाला फाईलच्या नावात मोकळी जागा खपत नाही. एक सगळं निमूट गिळतं आणि ऐन वेळी मान टाकतं. पाच सुनांच्या सासूला पडत नसतील एवढे कष्ट दादाला त्यांची मर्जी राखताना पडतात.

आमची आई शिवणाचा वर्ग चालवायची. तिला मी हे सगळं समजावत होते तर तिने मला मध्येच थांबवलं.

"कळलं गं. बेत एकच, अंगं पाच. आणि कुणाला काखेत काचता कामा नये."

दादाने हे ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं. एरवी तो घरचं बाहेर आणि बाहेरचं घरात सांगणारा माणूस नव्हे. बोलतोच मुळात मोजकं. लग्न राहून गेलं तेही बहुधा बोलायचं राहून गेलं म्हणूनच, असा माझा अंदाज आहे. रागावताना मी त्याला पाहिलेलं नाही. फक्त एक वाक्य ऐकलं की तो चष्मा काढतो आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसायला लागतो. ते वाक्य म्हणजे, "माझ्याकडे तर चालतंय." बिल्ड कुठेतरी अडला की ती चटपटीत मंडळी हेच म्हणतात. त्यांच्या टेबलावरच्या मशीनवर चालतं म्हणजे जगात चालतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण सरळ करायला दादा आहेच.

आईचा आवाज मोठा होता. वर्गात शिवणाची मशीनं खडखडायची, त्यांच्या वरून बोलायचं म्हणजे मोठाच लागतो. आम्ही मागच्या खोलीत असायचो. मला हाक यायची "बये!" आणि दादाला "पोऱ्या!" दादाच्या डोक्यावरचे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी तो पोऱ्याच. जगात दुसरं कुणी त्याला या नावाने हाक मारत नाही. आणि हाकेचा नियम कडक होता. "काय आहे?" म्हणायचं नाही, "आलो" म्हणायचं नाही, आधी ओ द्यायची. "माणूस आहे की नाही ते कळायला नको?" आई म्हणायची, "ओ आली की माझा जीव भांड्यात पडतो. काम नंतर सांगता येतं."

मग तिच्या घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आईने ते ऐकून घेतलं आणि घरी येताना रस्त्यात एकच गोष्ट विचारली, "पोऱ्या, तुझं ते बटणांचं मशीन मला मिळेल का रे?" दादा मान फिरवून दुकानांच्या पाट्या वाचत चालला होता. मी त्याच्या वतीने हो म्हटलं.

शब्द आम्ही वर्गाच्याच खोलीत रेकॉर्ड केले, माझ्या लॅपटॉपवर. मी मुद्रितं तपासते, पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरते, त्यामुळे घरात त्यातल्या त्यात बरा लॅपटॉप माझाच. दवाखान्यातून छापील यादी मिळाली होती: पाणी, दुखतंय, औषध, डॉक्टरांना बोलवा. आईने ती भराभर उरकली आणि स्वतःचे शब्द सुरू केले. "झाकण ठेव." "कात्री कुणी घेतली?" "दिवे बंद करा, सावकाराचे पाहुणे आलात का?" वस्तू कुठे ठेवलीय ते सांगायला "दुसऱ्या खोलीत." बातम्या पाहताना तिला सतत लागणारं "बिचाऱ्या!" मला "बये." दादासाठी एक शब्द शेवटी ठेवला होता. दादा स्वयंपाकघरात चहा करत होता. आईने खोकून घसा साफ केला, तो घसा तेव्हा बराच दुखत असणार, आणि जुन्या आवाजात, पूर्ण वर्गाच्या वरून जाईल अशी हाक मारली, "पोऱ्या!"

"ओ!" आतून दादा म्हणाला.

तेही रेकॉर्ड झालं. लांबून, भांड्यांच्या मागून, बारीक, पण झालं. दादा कपबश्या घेऊन बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, तुझी ओ कापून टाकावी लागेल. आईने माझ्या हातावर चापटी मारली. "राहू दे. उत्तरासकट हाक कुणाला मिळते?"

ऑपरेशन झालं. आई घरी आली, गळ्याला रुमाल बांधून, हातवारे करत, आणि माझ्या लॅपटॉपवर बोलायला लागली. सगळं ठीक चाललं होतं. पण लॅपटॉप काखेत मारून घरभर फिरता येत नाही, आणि आईला बसून राहणं माहीत नाही. म्हणून दादाने तिला एक छोटा टॅबलेट आणला, गळ्यात अडकवायचा. तो वेगळ्या जातीचा, त्याच्यासाठी वेगळा बिल्ड. दादाने तो ऑफिसात सगळ्यांसारखाच बांधला आणि एका संध्याकाळी आईच्या गळ्यात घातला. मी तिथेच होते. आईने "पाणी" दाबलं, तिचा आवाज. "बये" दाबलं, तिचा आवाज. "झाकण ठेव"ही तिचाच. दादा खाली वाकून चपला नीट लावत होता. आईने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि त्याचं बटण दाबलं.

"पोऱ्या," असं एक परकी बाई म्हणाली.

गोड, गुळगुळीत आवाज, बँकेत नंबर पुकारतात तसा. दादाने वळून दाराकडे पाहिलं. त्याला खरंच वाटलं, कुणीतरी आलंय. दारात कुणी नव्हतं. तो तसाच चपला हातात धरून उभा राहिला. ओ त्याने दिली नाही. आणि त्या बाईच्या हाकेच्या मागे ती भांड्यांमागची बारीक ओसुद्धा आली नाही.

आईने पुन्हा दाबलं नाही. टॅबलेट गळ्यातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आई दादाला बोलवायला पातेल्याच्या झाकणावर चमचा वाजवायला लागली. टॅबलेट वापरतच नव्हती. पाणीसुद्धा हाताने मागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज वापरा, नाहीतर माणूस आतल्या आत मिटत जातो, आणि आई आमच्या देखत मिटत चालली होती. मी एकदा लॅपटॉप तिच्यापुढे नेऊन ती हाक वाजवून दाखवली. तिने लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर मिटवलं. बरोबरच आहे. माझ्या टेबलावरची हाक तिच्या काय कामाची?

दादाने तिचं सगळं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं. पुन्हा ती बाई. फाईल पाहिली, तर होती. नाव पाहिलं, बरोबर. फाईल नुसती वाजवली तर हाक येते, ओ येते. प्रोग्रामला विचारलं की तो म्हणतो, अशी फाईलच नाही.

"तुझ्याकडून आणताना काही गडबड झाली असेल का?" त्याने मला विचारलं.

"माझ्याकडे तर चालतंय!" मी म्हणाले.

दादाने चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाला, "तूसुद्धा." त्या क्षणी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसात वेगळंच. तिथे मंडळी म्हणाली, रेकॉर्डिंग खराब असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या वरच्या बाई स्वभावाने भल्या. त्यांनी मनापासून सुचवलं, "एकाच शब्दाचं अडलंय ना? आईंना दुसरा शब्द ठेवायला सांगा." दुसरा शब्द म्हणायला आईकडे आता गळा नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि दादाच्या तोंडून निघालं नाही. मला मात्र घरी येऊन म्हणाला, "लोकांच्या आया बोलत्या ठेवायच्या हेच माझं काम आहे. आणि माझ्या आईची हाक माझ्याच हातून हरवली."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्यात तशी पद्धत नाही, पण फिरवला.

रविवारी दुपारी मी बाहेरून घरी आले तेव्हा झाकण वाजत होतं. दादा बाहेर आला. आई टेबलाशी बसली होती आणि चक्क टॅबलेट सरळ करून पुढ्यात ठेवला होता. तिने बोटाने एक बटण दाबलं.

"दुसऱ्या खोलीत," ती बाई म्हणाली.

दादा मुकाट्याने दुसऱ्या खोलीत गेला. आईने कपाळावर हात मारला आणि झाकण बडवलं. तो परत आला. आईने दुसरं बटण दाबलं.

"बिचाऱ्या," बाई म्हणाली.

"असू दे गं आई," दादा कसनुसं हसत म्हणाला, "होईल काहीतरी."

आईने आता डोळे मिटले. वर्गातल्या बायका बाही उलटी जोडायच्या तेव्हा ती असेच डोळे मिटायची. मग तिने दादाचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि तिन्ही बटणं सावकाश, एकामागून एक दाबली. "पोऱ्या. दुसऱ्या खोलीत. बिचाऱ्या." आणि लगेच "पाणी", "कात्री कुणी घेतली?" हे तिच्या आवाजातलं. पुन्हा ती तीन. बाकीची सगळी बटणं तिने आमच्या मागे एकटीने दाबून पाहिली होती, हे तेव्हा कुठे मला कळलं. चुकलेले कपडे काढून ठेवावेत तसे हे तीन शब्द तिने एका बाजूला काढले होते, कुठे उसवलंय ते आम्ही बघायचं होतं.

मी मुद्रितं तपासणारी बाई. तीन शब्द एकाखाली एक दिसले की डोळा आपोआप फिरतो.

"दादा," मी म्हटलं, "तिन्हीत ऱ्या आहे रे."

दादाने ती तिन्ही बटणं वाचली. मग इतक्या जोरात उठला की खुर्ची आडवी झाली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याने मला नंतर समजावलं, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगते. आपण 'ऱ' लिहितो ते कागदावर एक अक्षर. मशीनच्या पोटात ते दोन रीतींनी ठेवता येतं. एक म्हणजे सबंध 'ऱ'. दुसरी म्हणजे साधा 'र' आणि त्याच्या पायाशी ठिपका, असे दोन तुकडे. माझा लॅपटॉप फाईलचं नाव ठेवताना त्याचे दोन तुकडे करायचा, पण शोधताना दोन्ही रीती एकच मानायचा, म्हणून माझ्याकडे तर चालत होतं. टॅबलेट काटेकोर. बटणावर सबंध 'ऱ' आणि फाईलवर तुकडे, म्हटल्यावर त्याच्या लेखी हा पोऱ्या वेगळा आणि तो वेगळा. नजरेला मात्र दोन्ही जुळे. माझी उभी हयात चुका काढण्यात गेली, पण त्या दोन शब्दांतला फरक मला भिंग लावूनही दिसला नसता.

"मग त्या फाईलचं नाव बदल ना आत्ताच," मी म्हटलं. "एका मिनिटाचं काम. आई बसलीये समोर."

दादाने टॅबलेट हातात घेतला, बोट स्क्रीनपर्यंत नेलं आणि थांबला.

"आत्ता हाताने बदललं तर आत्ता चालेल. पुढचा बिल्ड आला की हे पुसलं जाईल आणि ती बाई परत येईल." तो आईकडे पाहत होता. "आईला ते दोनदा ऐकवणार नाही मी. आणि माझ्याकडे अशा तक्रारी पडल्यात गं. एक आजी आहेत, त्या आजोबांना 'अहो म्हाताऱ्या' म्हणतात. त्यांच्या घरी पण हीच बाई म्हाताऱ्या म्हणत असणार."

आईला हे ऐकून हसू आलं. तिचं हसणं आता बिनआवाजाचं असतं, नुसते खांदे हलतात. कितीतरी दिवसांनी ते हलले. तिने टॅबलेट उचलून दादाच्या पिशवीत घातला आणि दाराकडे बोट केलं. म्हणजे, जा, नीट शिवून आण.

त्याने आठवडाभर खपून ते केलं. कुठल्याही घरचं, कुठल्याही मशीनवरून आलेलं नाव असो, गाठोड्यात घालण्याआधी त्याचे तुकडे जोडून एकच सबंध रूप करायचं, आणि शोधतानाही तसंच करायचं. सांगायला एवढंच. करताना एक मशीन जुळायचं तर दुसरं रुसायचं. दादा घरी येऊन जेवायचा, आई झाकण वाजवून भाजी हवी का विचारायची, आणि दोघं गप्प असायची. पण ते गप्प बसणं आधीच्यासारखं जड नव्हतं.

शनिवारी तो टॅबलेट घेऊन आला. आईच्या गळ्यात घातला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. मी खिडकीशी उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. रुमाल सारखा केला, खोकून घसा साफ केल्यासारखं केलं, त्याची आता काही गरज नव्हती, आणि बटण दाबलं.

"पोऱ्या!"

तीच. वर्गाच्या वरून जाणारी, खडखडाटातून वाट काढणारी. मागून भांड्यांचा आवाज आणि ती बारीक ओ. आणि तिच्या मागोमाग, आतून, आजची, म्हातारपणाकडे झुकलेली, भरून आलेली,

"ओ!"

दोन ओ ऐकल्या आम्ही. आईने पुन्हा दाबलं. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत दादा दारात आला होता आणि तिथूनच ओ देत होता, चष्मा न पुसता, डोळे तसेच वाहू देत. मीही रडत होते, त्यात लपवायचं काय? आईने टेबलावरचं झाकण आणि चमचा उचलून माझ्या हातात दिला आणि मग माझ्यासाठी एक बटण दाबलं, "झाकण ठेव."

पुढे दादाने तिला विचारलं, तुझी ती हाक ऑफिसात वापरू का? यापुढे कुठलाही बिल्ड बाहेर जाण्याआधी पाचही मशीनांकडून एक शब्द म्हणवून घ्यायचा, तो चुकला तर गाठोडं अडवायचं, आणि तो शब्द 'पोऱ्या' असावा असं त्याच्या मनात होतं. आईने विचार केला. मग त्याच्या टकलाकडे बघत दाबलं, "बिचाऱ्या!" तिच्या स्वतःच्या, ठसकेबाज आवाजात. आणि मान डोलावली.

परवा तो घराची किल्ली विसरला म्हणून मी ती द्यायला त्याच्या ऑफिसात गेले. मोठी खोली, टेबलांच्या रांगा, दादा अगदी कोपऱ्यात. त्याच्यापुढे ती पाच मशीनं. मी दारातच होते तेवढ्यात पहिल्याने हाक मारली, "पोऱ्या!" मी दचकले. दादा मान खाली घालून काहीतरी टाईप करत होता. "ओ," तो म्हणाला, सवयीने. दुसऱ्याने हाक मारली. "ओ." तिसऱ्याने, चौथ्याने. दाराजवळच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला सांगितलं, "रोजचं आहे हे. आधी आम्ही हसायचो."

"आणि आता?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. पाचवं मशीन जुनं आहे, त्याला वेळ लागतो. दादाने टाईप करायचं थांबवलं आणि मान वर केली. मग मी पाहिलं, सगळ्या खोलीतले हात थांबले होते. ती चटपटीत मंडळीसुद्धा कोपऱ्याकडे कान देऊन बसली होती.

"पोऱ्या!" आईने हाक मारली.

"ओ, आई," दादा म्हणाला, आणि गाठोडं पाठवून दिलं.